गुडघा दुखतो, खुबा मोजा



 परिषदेच्या अध्यक्षाला वेळेचं बंधन नाही, असं संयोजक सौजन्यानं म्हणाले. भोजनाची वेळ मात्र बाहेरच्या फलकावर ठळक लिहिलेली आहे, तिचं भान मी ठेवीन.

आपण छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात जमलो आहोत. याच परिसरात काळा चबुतरा आहे. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळानं उठाव केला, पकडलेल्यांतल्या अनेकांना इथे देहदंड झाला, आणि त्या आठवणीनं हा क्रांती चौक. ते सगळे स्वार होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये चौकात दिमाखात उभा राहिलेला शिवछत्रपतींचा पुतळाही अश्वारूढ आहे. माझ्या व्यवसायातल्या माणसाची नजर, क्षमा असावी, अशा ठिकाणीही स्वाराच्या मांडीकडे जाते. घोड्यावर मांड टिकते ती मांडीच्या आतल्या स्नायूंच्या बळावर, आणि वरचं धड तोललं जातं ते खुब्याभोवतीच्या स्नायूंवर. आज बोलायचं आहे ते याच स्नायूंविषयी.

माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकतो. गुडघा, घोटा किंवा पोटरी दुखावली की खुबाही तपासायचा, ही सवय गेल्या वीस-बावीस वर्षांत आपल्याला लागली, हे चांगलं झालं. पण तो मोजायची सवय अजून लागलेली नाही, आणि न मोजताच त्याच्या कमजोरीवर खापर फोडायची सवय मात्र फार लवकर लागली.

आधी जरा हिशेब करू. या सभागृहातून बाहेर पडून जालना रस्त्यानं चालू लागलात, तर चालण्याच्या दर दहा भागांतले आठ भाग तुम्ही एकाच पायावर असता. धावताना तर दोन्ही पाय एकदम जमिनीला कधी लागतच नाहीत. एका पायावर उभं राहिलं की अधांतरी बाजूचं ओटीपोटाचं हाड खाली झुकायला पाहतं. त्याला सावरून धरतो तो टेकलेल्या बाजूचा ग्लुटिअस मिडियस, खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा पंख्यासारखा स्नायू. माणूस साठ किलोंचा धरा. टेकलेल्या पायाचं वजन वगळलं तर खुब्याला तोलायचे राहतात सुमारे पन्नास किलो. हे वजन सांध्यापासून जितकं लांब असतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर स्नायूला ओढ धरावी लागते. म्हणजे त्यानं लावायचं बळ झालं दुप्पट ते अडीचपट, शंभर ते सव्वाशे किलो. दोन्हींची बेरीज सांध्यावर येते. साठ किलोंच्या माणसाच्या खुब्यावर नुसतं उभं राहण्यासाठी दीडशे ते पावणेदोनशे किलो! हा कागदावरचाच हिशेब नाही. बर्लिनच्या जॉर्ज बर्गमन यांनी कृत्रिम खुब्यातच संवेदक बसवून रुग्ण चालत असताना हा भार मोजला. तो शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपासच भरला.

फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये सांगितलेली खूण आपण पहिल्या वर्षाला शिकतो. एका पायावर उभं करा, दुसऱ्या बाजूची कंबर झुकते का पाहा. सव्वाशे वर्षांनंतरही या तपासणीला वीज लागत नाही की पैसा लागत नाही. जाता जाता काठीचंही सांगतो. आपल्याकडे ज्या खुब्यात कळ त्याच हातात काठी देण्याची रीत घरोघरी आहे. वरचा हिशेब ज्याला कळला, त्याला काठी विरुद्ध हातात का हवी हे सांगावं लागत नाही. तिथून ती लांबच्या दांड्यानं आधार देते आणि स्नायूचं ओझं कितीतरी कमी होतं. डॉक्टरांच्या घरातल्या आजीसुद्धा काठी चुकीच्या हातात धरून वावरताना मी पाहतो.

आता या स्नायूचा आणि गुडघ्याचा संबंध. उतरताना, उडीवरून पाय टेकताना किंवा अचानक दिशा बदलताना खुब्याचा बाहेरचा आणि मागचा भाग कमी पडला, की मांडीचं हाड आत झुकतं आणि आतल्या अंगाला वळतं. गुडघा अंगठ्याच्या आत जातो, तळवा आतल्या बाजूनं बसतो. गुडघ्याची वाटी बाहेर सरकते, असं आपण रुग्णाला वर्षानुवर्षं सांगत आलो. क्रिस्टोफर पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एमआरआयखाली गुडघ्याची हालचाल पाहिली, तेव्हा वेगळंच दिसलं. पायावर भार असताना वाटी जवळजवळ जागेवर असते. तिच्याखालचं मांडीचं हाड आत फिरतं. या एका निरीक्षणानं गुडघ्याच्या उपचाराचा रोख वर, खुब्याकडे वळला.

त्याच वर्षी मेरी लॉइड आयर्लंड यांचा अभ्यास आला. वाटीभोवती दुखणाऱ्या तरुणींमध्ये पाय बाहेर नेण्याचं बळ २६ टक्क्यांनी आणि बाहेर वळवण्याचं बळ ३६ टक्क्यांनी कमी होतं. २००४ मध्ये लीटन यांनी महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू आणि धावपटूंना हंगामाआधी मोजलं; ज्यांना पुढे दुखापत झाली त्यांचं बाहेर वळवण्याचं बळ आधीच कमी निघालं. त्याआधी, २००० मध्ये, फ्रेडरिक्सन यांनी मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यात दुखणाऱ्या २४ धावपटूंना सहा आठवडे खुब्याचा व्यायाम दिला आणि २२ जण पुन्हा धावू लागले. इतकं झाल्यावर लाट येणारच. प्रत्येक दवाखान्यात रंगीत रबरी पट्टे लोंबू लागले आणि गुडघेदुखीची प्रत्येक मुलगी कुशीवर पडून शिंपल्यासारखे गुडघे उघडमीट करू लागली.

त्या शिंपल्याच्या व्यायामाविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. डिस्टेफानो यांनी २००९ मध्ये स्नायूंतली विद्युत हालचाल मोजली. कुशीवर झोपून सरळ पाय वर उचलण्यात ग्लुटिअस मिडियसला सर्वांत जास्त काम लागलं. शिंपल्यात लागलं त्याच्या जेमतेम निम्मं. सरळ पाय उचलायला पट्टाही लागत नाही. पट्टा विकणाऱ्यांना ही बातमी रुचणार नाही, पण गावाकडच्या खेळाडूला ती उपयोगाची आहे.

मग २०१४ मध्ये मिकेल रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र तपासले. ज्यांना आधीच दुखतं त्यांचे खुबे कमजोर निघतात, हे पुन्हा दिसलं. पण धडधाकट माणसांना आधी मोजून पुढे कोणाची वाटी दुखते हे पाहणाऱ्या अभ्यासांत खुब्याच्या बळाचा आणि दुखण्याचा संबंध सापडला नाही. दुखतं म्हणून माणूस पाय वापरत नाही, वापरत नाही म्हणून स्नायू झिजतो, आणि मग आपण त्याच स्नायूकडे बोट दाखवून म्हणतो, सापडला चोर! घोट्याचंही तसंच. वारंवार पाय मुरगळणाऱ्यांचा त्याच बाजूचा खुबा कमजोर आढळतो. आधी काय आणि नंतर काय, हे एका भेटीतल्या तपासणीतून ठरत नाही.

एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या, बाबतीत गुंता आणखी वाढतो. इस्फहानच्या खायाम्बाशी यांनी ५०१ खेळाडूंची खुब्याची ताकद हंगामाआधी नोंदवली. पुढे १५ जणांचा एसीएल कोणाचाही धक्का न लागता फाटला, आणि ते कमजोर गटातले होते. पाय बाहेर नेण्याचं बळ वजनाच्या ३५.४ टक्के आणि बाहेर वळवण्याचं २०.३ टक्के, याखाली धोका वाढतो, असे आकडेही त्यांनी दिले. हा अभ्यास २०१६ चा. त्याच वर्षी नॉर्वेच्या काथरिन स्टेफेन यांचा अभ्यास आला. उच्च दर्जाच्या हँडबॉल आणि फुटबॉल खेळाडू मुलींमध्ये त्यांना असा संबंध आढळला नाही. दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत. मग मानायचं कोणाचं?

माझं उत्तर असं आहे. स्नायूत बळ असणं आणि पाय टेकण्याच्या क्षणी ते वापरात येणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विली आणि डेव्हिस यांनी २०११ मध्ये धावपटू तरुणींचे खुबे बळकट केले, शिवाय एका पायावर नीट बसायचं कसं तेही शिकवलं. बळ वाढलं, एका पायावरची बैठक सुधारली. धावण्याची ढब मात्र बदलली नाही. ज्या हालचालीत दुखापत होते, त्या हालचालीचाच सराव व्हावा लागतो. बळ हे भांडवल खरं, पण पेढीत पडून राहिलेलं भांडवल धंद्याला कामी येत नाही.

आपल्या मराठवाड्याचं उदाहरण घेतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. सैन्यात गेला, पुढे धावू लागला आणि ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि त्याच वर्षी याच शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पस्तीस वेळा जमिनीवर यायचं, प्रत्येक वेळी एका पायावर, आणि शेवटच्या फेऱ्यांत तर थकलेल्या पायावर. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याचा एसीएल गेला आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

त्यानंतर आपल्या व्यवसायातल्या पुष्कळांनी छातीठोकपणे सांगितलं की खुबा कमी पडला असणार. मी त्याला तपासलेलं नाही, सांगणाऱ्यांनीही नाही. ओला अडथळा, दाटलेला घोळका आणि वेग एवढी कारणं गुडघा जायला पुरेशी असतात. खेळाडू पडला की दूरदर्शनच्या पडद्यावरून निदान करायचं, ही खोड आपण सोडली पाहिजे. मात्र अशा खेळाडूचा दोन्ही बाजूंचा खुबा दुखापतीच्या आधी मोजून ठेवलेला असला, तर त्याला मैदानावर परत आणताना तो आकडा सोन्याच्या मोलाचा असतो.

खुब्याच्या बाहेरच्या अंगाचं इतकं कौतुक झालं की आतल्या अंगाकडे, जांघेकडे, दुर्लक्ष झालं. आपल्याकडे कबड्डीची मैदानं गावोगावी आहेत, तेव्हा इथे थोडं थांबतो. बोनस रेषा ओलांडायला चढाईपटू पाय टाकतो, तेव्हा मागचा पाय हवेत आणि जांघ पूर्ण ताणलेली असते. तेवढ्यात कोपऱ्यातला खेळाडू घोटा धरतो. ताणलेल्या स्नायूलाच आता सगळ्या शक्तीनं आत ओढायचं असतं. जांघ भरली, असं सांगत येणाऱ्या मुलांत कबड्डीवालेच जास्त, हा माझा अनुभव आहे, आकडेवारी नव्हे. आकडेवारी आहे ती बर्फावरच्या हॉकीची. २००१ मध्ये टायलर यांनी अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडू मोजले. ज्यांचं पाय आत ओढण्याचं बळ बाहेर नेण्याच्या बळाच्या ८० टक्क्यांहून कमी होतं, त्यांना जांघेच्या दुखापतीचा धोका सतरापट निघाला. आणि २०१९ मध्ये नॉर्वेत हारॉय यांनी फुटबॉल संघांना कोपनहेगन नावाचा एकच व्यायाम दिला. जोडीदारानं वरचा पाय धरायचा, खेळाडूनं कुशीवर राहून अंग उचलायचं, एवढाच. जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी उतरला. साधन काय लागलं? एक जोडीदार! कबड्डीच्या प्रत्येक सरावात हा व्यायाम का नाही, याला मला तरी कारण दिसत नाही.

आपल्या तालमींविषयी बोलताना मी जरा सांभाळून बोलतो, कारण इथे बसलेल्यांत वस्तादही आहेत. जोर आणि बैठका यांनी महाराष्ट्राची पिढ्यान्‌पिढ्यांची मांडी घडवली. पण बैठक दोन्ही पायांवर होते, आणि सरळ रेषेत होते. मांडीचा पुढचा भाग आणि नितंबाचा मोठा स्नायू तिच्यात भरपूर राबतो, बाजूचा ग्लुटिअस मिडियस फार थोडा. हजार बैठका मारणारा पठ्ठ्या एका पायावर सावकाश बसताना डगमगतो, हे कोणत्याही तालमीत पाहून घ्यावं. मल्लखांबाचं तसं नाही. तिथे खांब मांडीनंच आवळावा लागतो, त्यामुळे जांघ घडते. आणि लंगडी! शाळेच्या पटांगणात खडूच्या चौकोनात खेळली जाणारी लंगडी एका पायावर धावायला, वळायला, थांबायला आणि पडता पडता सावरायला शिकवते. खुब्यासाठी खास बेतून काढलेला व्यायाम याहून सरस होईल असं मला वाटत नाही. तिच्या रीतसर स्पर्धाही आता भरतात. तरी पाचवीनंतर मुलं लंगडी सोडतात, ती लहान मुलांची म्हणून. नेमकी याच वयानंतर, वयात येताना, मुलींची हाडं झपाट्यानं वाढतात आणि स्नायू मागे पडतात.

खो-खोचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलामुलींनी दोन्ही अजिंक्यपदं मिळवली. आपल्याच धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या मुलींचा हा खेळ आहे. बसलेली आक्रमक खो मिळताच उठते, एकदा घेतलेली दिशा तिला बदलता येत नाही, आणि समोरची संरक्षक साखळी धरून नागमोडी पळत असते. म्हणजे एकीला बसल्या जागेवरून स्फोटासारखं उठायचं, दुसरीला क्षणाक्षणाला एका पायावर वळायचं. शेवटी खांबाशी सूर. हे सगळं मातीवर किंवा मॅटवर, आणि मॅटवर बूट जास्त धरून ठेवतो. धक्क्याविना एसीएल जाण्यासाठी लागणारं सगळं इथे जमलेलं आहे. तरुण महिला फुटबॉलपटूंमध्ये फिफाच्या अकरा प्लस या वार्मअपनं दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या, असं २००८ मध्ये नॉर्वेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्यात खुब्याचं बळ, एका पायाचा तोल आणि उडीवरून नीट उतरणं एकत्र गुंफलेलं आहे. वीस मिनिटं लागतात. खो-खोसाठी आपलं अकरा प्लस आपणच बांधायला हवं, आणि ते बांधायला मराठवाड्याहून योग्य जागा नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र याच शहरात आहे.

आणखी एक वर्ग आहे, ज्याला कोणी खेळाडू म्हणत नाही. बीड, जालना आणि आपल्या भागातून दर हंगामात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई प्रत्येक पावलाला एका पायावर असते, आणि फळी हलत असते. मोळी वीसच किलोंची धरली तरी वरच्या हिशेबानं खुब्याच्या सांध्यावर साठ-सत्तर किलोंची भर पडते. हंगामभर, पहाटेपासून. ती गुडघा दुखतो म्हणून आली, तर तिला गोळी मिळते, क्वचित गुडघ्याचा पट्टा मिळतो. तिची कंबर झुकते का, हे एका पायावर उभं करून पाहायला आपल्याला अर्धा मिनिट लागेल. क्रीडावैद्यकाचं ज्ञान पदकापुरतं ठेवायचं नसेल, तर सुरुवात हंगाम संपवून गावी परतलेल्या या बायांपासून करता येईल.

आता मोजण्याच्या रीतीबद्दल, हे खास विद्यार्थ्यांसाठी. हातानं दाबून ग्रेड पाच लिहिणं सोडा. खेळाडूच्या बाबतीत ग्रेड पाचचा अर्थ एवढाच, की त्याचं बळ तुमच्या हाताला अडवता आलं नाही. दोन्ही बाजूंत वीस-पंचवीस टक्के फरक असतानाही दोन्हीकडे पाचच लिहिलं जातं. हातात धरायचा डायनामोमीटर वापरा, पण तो हातानं न धरता पट्ट्यानं टेबलाला बांधा. नाहीतर पैलवानाच्या मांडीऐवजी तुमच्या मनगटाची ताकद मोजली जाते. खुब्यापासून यंत्रापर्यंतचं अंतर मोजा, बळाला त्यानं गुणा, वजनानं भागा. तेव्हा कुठे चौदा वर्षांची मुलगी आणि तीस वर्षांचा पैलवान यांच्या आकड्यांची तुलना होऊ शकते. यंत्र नसेल तर एका पायावरची सावकाश बैठक मोबाइलवर समोरून टिपा, आणि दर वेळी त्याच अंतरावरून टिपा.

मी आज सांगितलेले आकडे अमेरिकेचे, जर्मनीचे, नॉर्वेचे, इराणचे आहेत. त्यातला एकही कबड्डीच्या मैदानावरचा नाही, खो-खोच्या खांबाजवळचा नाही, उसाच्या फडातला तर नाहीच. इस्फहानचे ३५.४ टक्के धाराशिवच्या मुलीला लागू पडतात की नाही, हे इस्फहानहून कोणी येऊन सांगणार नाही.

म्हणून या परिषदेकडे माझी एक मागणी आहे, आणि ती ठरावात यावी. इथे बसलेल्या प्रत्येकानं आपल्या जवळची एक शाळा किंवा एक तालीम निवडावी. हंगाम सुरू होण्याआधी तिथल्या प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही बाजूंच्या खुब्याचं पाय आत ओढण्याचं, बाहेर नेण्याचं आणि बाहेर वळवण्याचं बळ एकाच पद्धतीनं मोजावं. हंगामभर दर आठवड्याला दुखापतींची नोंद ठेवावी, बारीक लचकेसकट. मुलांची नावं गुप्त राहावीत, पालकांची लेखी संमती असावी. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी ते महिन्यातून एक दिवस शेजारच्या तालुक्यात न्यावं. पुढच्या परिषदेत इथे भाषणं कमी झाली तरी चालतील. तुम्ही तुमच्या वह्या घेऊन या.